आजीच्या काळचा कायदा

लिस्बनमध्ये आम्ही दोन खोल्यांचे घर घेतले, तेव्हा नोटरीकडच्या वयस्क कारकूनबाईंनी किमतीच्याही आधी एक प्रश्न विचारला : तुमचे लग्न कोणत्या मालमत्ता-पद्धतीने झाले? गोव्यात लग्न नोंदवताना दोनदा सही करावी लागते, आणि डिचोलीच्या नोंदणी कचेरीत पहिली सही आणि दुसरी सही करताना आम्ही वेगळा करार केलेला नव्हता. त्यामुळे लग्नाआधीची, नंतर कमावलेली आणि वारशाने येणारी सगळी मालमत्ता दोघांची निम्मी-निम्मी, असे मी सांगितले. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "हे तर माझ्या आजीच्या काळचे!"

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. गोव्यात अजून चालणाऱ्या ज्या १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेखाली आमचे लग्न नोंदले गेले, ती पोर्तुगालने १९६६ मध्ये बदलली. १ जून १९६७ पासून तेथे, करार नसल्यास, लग्नानंतर कमावलेली मालमत्ताच सामाईक धरतात. गोवा त्याआधीच, १९ डिसेंबर १९६१ रोजी, मुक्त झाला होता आणि १९६२ च्या कायद्याने तेथील जुने कायदे बदल होईपर्यंत चालू ठेवले होते. नवऱ्याला कुटुंबप्रमुख मानणारी तरतूद पोर्तुगालने १९७७ मध्ये काढून टाकली, तो बदल तर आपल्यापर्यंत पोहोचण्याचा प्रश्नच नव्हता.

उत्तराखंडची समान नागरी संहिता जानेवारी २०२५ मध्ये लागू झाल्यापासून माझे सासरे दर रविवारच्या फोनवर अभिमानाने सांगतात की ही वाट गोव्याने दाखवली. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ च्या एका निकालात गोव्याला या बाबतीतले झळाळते उदाहरण म्हटले आहे. त्याच वाक्यात काही मर्यादित हक्कांचा अपवाद नोंदवला आहे, पण तेवढा भाग भाषणांत सहसा येत नाही. गोव्यातील हिंदूंच्या चालीरीतींसाठी काढलेल्या १८८० च्या फर्मानात, पत्नीला पंचविसाव्या वर्षापर्यंत अपत्य नसेल, किंवा तिसाव्या वर्षापर्यंत मुलगा नसेल, तर तिच्या संमतीने नवऱ्याला दुसरे लग्न करण्याची मुभा आहे. चर्चमध्ये लागलेल्या लग्नांचे नियम पुन्हा वेगळे. त्यामुळे 'समान' हे विशेषण मला या कायद्याच्या अंगावर जरा ढगळच वाटते.

तरीही तो टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. आमच्याकडे नवरा बायकोच्या सहीशिवाय घर विकू शकत नाही, आणि मुले असलेल्या माणसाला मृत्युपत्राने आपल्या वाट्याची निम्मीच मालमत्ता मनाप्रमाणे देता येते. उरलेली मुलगा-मुलगी असा भेद न करता मुलांना राखलेली असते. (पोर्तुगालमध्ये आता पत्नी आणि मुले असतील तर दोन तृतीयांश राखीव असते, म्हणजे या बाबतीत मूळ मालक आपल्याही पुढे गेला.) आयकर कायद्यालाही या निम्म्या हिश्शाची दखल घ्यावी लागली आहे : पगार सोडून इतर उत्पन्न नवरा-बायकोत समान वाटून कर आकारण्याचे वेगळे कलम त्यात आहे.

मात्र कागदावरचा हक्क घरात कसा उतरतो, ते मी जवळून पाहिले आहे. आजोबा गेल्यावर आत्या आणि तिचे यजमान नोटरीसमोर हक्कत्यागाच्या लेखावर सही करून आले. हा त्याग कायद्याने बिनमोबदला असावा लागतो, आणि तो अगदी तसाच झाला. परतताना वाटेत काकांनी सगळ्यांना चहा-भजी दिली, तेवढीच. ज्या संहितेने आत्याला भावांइतका वाटा दिला, तिच्याच एका कलमाचा आधार घेऊन तिच्याकडून तो सोडवून घेतला होता. वारसा आणि वाटणीपुरता गोव्याने आपला नवा कायदा केला आणि तो २०१६ च्या डिसेंबरपासून लागू झाला, पण त्यातही हक्कत्यागाची वाट मोकळी आहे.

म्हणूनच, सगळ्यांना एकच कायदा हवा की नको, एवढ्यावरच अडलेल्या वादात मला फारसा रस वाटत नाही. गोव्याकडून काही घ्यायचेच असेल, तर लग्नाबरोबर पत्नीच्या नावे येणारा निम्मा हिस्सा घ्यावा, आणि बहिणींकडून घेतल्या जाणाऱ्या सह्यांवर काही बंधन घालावे. गेल्या रविवारी मी सासऱ्यांना विचारले की उत्तराखंडच्या संहितेत बायकोचा हा निम्मा हिस्सा कुठे आहे. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, यंदा डिचोलीला पाऊस लवकर येईलसे दिसते.