गुळाच्या ढेपेवर पिस्तूल रोखताना

विमानतळावर बॅगा तपासणाऱ्यांना पिस्तूल द्यावं की नाही, यावर तुमचं ठाम मत नसेल तर आजच करून घ्या. उद्या रंकाळ्याच्या कट्ट्यावर विषय निघाला आणि तुम्ही नुसतेच भेळ खात बसलात, तर चारचौघांत शोभा होईल. त्यासाठी विमानात बसलेलं असण्याची अट नाही. भाच्याला सोडायला उजळाईवाडीच्या विमानतळावर गेला होता आणि दारातनंच हात हलवून परत आलात, एवढा अनुभव भरपूर झाला.

मत असं ठेवा: द्यायलाच पाहिजे. कुणी कारण विचारलं तर, "म्हणजे अतिरेकी आला तर त्याला काय ट्रे फेकून मारायचा?" एवढं बोलून भेळेच्या कागदाचा बोळा करायचा. याला उत्तर आहे, पण ते लांबलचक आहे, आणि कट्ट्यावर लांबलचक उत्तर ऐकून घ्यायची पद्धत नाही.

दाखला अमेरिकेचा द्या. 2001 च्या हल्ल्यानंतर त्यांनी विमानतळावरच्या तपासणीसाठी टीएसए नावाचं खातं उभं केलं. त्याचे तपासनीस निळा शर्ट आणि हातमोजे घालतात, हत्यार बाळगत नाहीत. 1 नोव्हेंबर 2013 ला लॉस एंजेलिस विमानतळाच्या टर्मिनल 3 मध्ये एक जण रायफल घेऊन शिरला. प्रवाशांची कागदपत्रं बघणारा एक तपासनीस मारला गेला. (इथं विनोद नाही.) त्यानंतर कर्मचाऱ्यांच्या संघटनेनं मागणी केली की आमच्यातल्या काहींना तरी शस्त्र द्या. एवढं सांगून तुम्ही थांबायचं. टीएसएनं सगळा आढावा घेऊन ती मागणी मानली नाही, उलट गर्दीच्या वेळी तपासणीच्या जागी हत्यारबंद पोलीस उभे करा असं सुचवलं, हा भाग गाळा. गोष्टीची चव जाते.

समोरचा वाचणारा निघाला तर तो वैमानिकाचं उदाहरण काढेल. तिकडं प्रशिक्षण दिलेल्या वैमानिकांना पिस्तूल बाळगता येतं. मार्च 2008 मध्ये डेन्व्हरहून शार्लटला जाणारं विमान उतरायच्या बेतात असताना वैमानिक ते पिस्तूल नीट ठेवायला गेला आणि कॉकपिटमध्येच बार उडाला. गोळी विमानाच्या अंगातनं आरपार. 2017 मध्ये तर विमानात साध्या वेशात बसणारा सशस्त्र सरकारी रक्षक आपलं भरलेलं पिस्तूल विमानाच्या संडासात विसरला आणि ते एका प्रवाशाला सापडलं. तुम्ही म्हणा, "आपल्याकडं असं होत नाही." एष्टीत छत्री विसरणारे आपण, पण पिस्तुलाची गोष्ट वेगळी.

मग तो आकडे काढेल. 2023 साली अमेरिकेतल्या तपासणीत प्रवाशांच्या हातातल्या सामानात 6,737 बंदुका सापडल्या, शंभरातल्या नव्वदहून जास्त भरलेल्या. प्रवाशांचं ठरलेलं उत्तर, बॅगेत आहे हे विसरलोच. घाबरू नका. त्या बंदुका स्क्रीनकडं डोळे लावून बसलेल्या बिनहत्यारी माणसांनी पकडल्या, हे त्याला बोलू देऊ नका. त्याआधीच 2015 ची बातमी पुढं करा: सरकारच्याच माणसांनी वेषांतर करून खोटे बॉम्ब आणि हत्यारं नेऊन पाहिली, 70 पैकी 67 वेळा ती सुखरूप आत गेली. आता यावर तुमचा उपाय सांगा. ज्याला बॅगेतलं पिस्तूल दिसत नाही त्याच्या कमरेलाच एक बांधा. निदान एक तरी सापडेल.

आपल्या आत्याबाईंच्या बाबतीत हे कसं होईल, तेही डोळ्यांसमोर आणा. आत्याबाई मुंबईला लेकीकडं निघाल्यात. गळ्यात साज, पिशवीत गुळाची ढेप. एक्स-रेच्या स्क्रीनवर धातू निळा दिसतो आणि खाण्यापिण्याच्या वस्तू, साबण, कपडे असलं सगळं नारिंगी. पंचाईत अशी की बहुतेक स्फोटकंही नारिंगीच दिसतात. म्हणजे ढेप म्हणजे एक जाड, गोल, नारिंगी संशय. तपासणारा म्हणतो, "आजी, पिशवी उघडा." आत्याबाई म्हणतात, "शाहूपुरीतला गूळ हाय बाळा, बघतोस काय, खडा खाऊन बघ की." तो हसतो, कापडाची पट्टी फिरवून स्फोटकं हुंगणाऱ्या मशीनला लावतो, ढेप परत पिशवीत जाते. दोन मिनिटांचं काम.

आता त्याच्या कमरेला पिस्तूल लावा. आत्याबाईंचं गुळावरचं लक्ष उडालं. "खरं हाय का रं ते?" म्हणत त्या हात लावून बघणार. दिवसभरात त्याच्यापासून वीतभर अंतरावर शेकडो माणसं हात वर करून उभी राहतात. तो वाकून त्यांचे पायमोजे चाचपतो, तेव्हा पिस्तुलाची मूठ प्रवाशाच्या हाताजवळ आणि तपासणाऱ्याची नजर जमिनीवर. या कारणानं झडती घेणाऱ्याचे हात रिकामे ठेवून बंदूकवाला चार पावलं लांब उभा करतात. पण तुम्ही याला भित्रेपणा म्हणा. अपहरण करून कंदाहारला नेलेल्या विमानानंतर फेब्रुवारी 2000 मध्ये जयपूरपासून आपले विमानतळ केंद्राच्या सीआयएसएफ या सुरक्षा दलाकडं यायला लागले. हत्यारबंद दल आहे, तरी झडती घेणारा मोकळ्या हातानं! काय अर्थ आहे?

प्रशिक्षणाचं कुणी विचारलं तर छाती काढून सांगा, "नेमबाजी आम्हाला शिकवता?" तेजस्विनी सावंत 2010 ची जगज्जेती, राही सरनोबतचं 2018 च्या आशियाई स्पर्धेतलं सुवर्ण, कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेचं 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमधलं कांस्य. सगळे आपले! फक्त हे सांगू नका की स्वप्निल 50 मीटरवरच्या न हलणाऱ्या लक्ष्यावर नेम धरायला वर्षानुवर्षं श्वास साधत बसला, आणि त्या लक्ष्याच्या पाठीमागं ट्रॉली ढकलणारं बिऱ्हाड नव्हतं. शिवाय तो रेल्वेत तिकीट तपासनीस होता. पदकानंतर सगळ्या टीसींना रायफली द्या, असं कोल्हापुरात एकाही शहाण्यानं सुचवलं नाही. का सुचवलं नाही, याचा विचार करत बसू नका, मत डळमळतं.

आणि एक पथ्य कडक पाळा. स्क्रीनपुढच्या माणसासाठी दुसरं काही मागू नका. स्क्रीनवर सलग टक लावली की नजर मरते, म्हणून युरोपात वीस मिनिटांनी माणूस उठवतात. तो जागा राहावा म्हणून मशीन मधूनच बॅगेच्या चित्रात खोटी बंदूक घुसडतं, आणि ती त्याला ओळखावी लागते. सुट्टी मागा, जास्त माणसं मागा, बरी खुर्ची मागा असं कुणी म्हणालं तर हसा. खुर्चीचा फोटो व्हॉट्सॲपवर कोण पाठवतंय? पिस्तुलाचा बघा कसा फिरतो.

मत असं पक्कं झालं की एकदा स्वतः विमानानं जाऊन या. पट्टा काढून ट्रेमध्ये टाका, ढेपेबद्दल विचारलं तर सरळ उत्तर द्या. पायातल्या कोल्हापुरीची काळजी करू नका, अस्सल चपलेत खिळा नसतो, सगळी शिवण चामड्याची. मशीन वाजलंच, तर जवानावर डाफरू नका. परत आल्यावर चप्पल घेऊन दुकानदाराकडं जा.