'नुसती वाडी' म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार अनामिक,

"कोर्निल्या हे गाव नाहीच, वेर्नात्साची नुसती वाडी आहे. फ्रात्सिओनेला इटलीच्या कायद्यात शून्य किंमत. सहलीला जाऊन आलं की लोक लगेच तज्ज्ञ होतात." इटलीतल्या कोर्निल्यावरच्या माझ्या ब्लॉगलेखावरची ही तुमची प्रतिक्रिया. (फ्रात्सिओने म्हणजे कोमूनेच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, हद्दीतली वस्ती.) शिवाय लेख लांबलाय आणि फोटो कमी आहेत. फोटो कमी आहेत, मान्य.

पण 'सहलीला'? अहो, मी कोर्निल्याजवळच्या ला स्पेत्सिया शहरात नोकरी केली आहे, ब्लॉगवरच्या परिचयात तसं लिहिलंय. तेवढं वाचायचीही तसदी घेतली नाहीत. कोर्निल्याचं स्टेशन खाली समुद्राजवळ आणि गाव वर कड्यावर. मधल्या पावणेचारशेहून जास्त विटांच्या पायऱ्या मी भर ऑगस्टात, हातात पिशव्या घेऊन चढलोय. समोरचा कोण आहे हे न बघता शेरा मारायचा, ही कुठली रीत? दुमत असेल तर नीट बोला ना, टोमणे कशाला?

राहिला तुमचा 'शून्य'. फ्रात्सिओनेला स्वतःचा नगराध्यक्ष नसतो, हे माझ्या लेखातच आहे. कोर्निल्या ज्यात येतं त्या चिंक्वे तेर्रे या किनारपट्टीत गावं पाच, पण कोमूने तीनच; कोर्निल्या वेर्नात्साकडे, मानारोला रिओमाज्जोरेकडे. आपल्या गट ग्रामपंचायतीसारखंच म्हणा. म्हणून शून्य? 1957 चा 278 क्रमांकाचा कायदा बघा. फ्रात्सिओनेच्या सामाईक रानांचा, कुरणांचा कारभार तिथल्याच मतदारांनी निवडलेल्या समितीकडे द्यायची तरतूद त्यात आहे. उत्तर इटलीतल्या त्रेंतीनोत अशा समित्या आजही आहेत, जळणाच्या लाकडाचा कोणाला किती वाटा ते त्या बघतात. कोमूनेच्या नव्हे, फ्रात्सिओनेच्या रहिवाशांचा हक्क! 2017 च्या 168 क्रमांकाच्या कायद्याने तर अशा सामूहिक मालकीला आणखी बळ दिलं. आणि तस्कनीतल्या स्तात्सेमा कोमूनेचं कार्यालय स्तात्सेमा गावात नाहीच, ते आहे पोंतेस्तात्सेमा नावाच्या फ्रात्सिओनेत. तुमच्या भाषेत, 'नुसत्या वाडीत'.

लेख लांबला म्हणता, त्यावर काय बोलणार? वाचायची सक्ती नव्हती. बाकीच्या शेऱ्यांत वेळ घालवत नाही. पुन्हा याल तेव्हा खुशाल टीका करा, पण तो 57 चा कायदा उघडून या. आणि जमलं तर नाव लिहून.