हातमोज्यांवर भागत नाही

नमस्कार. "एका डब्यात डावा हातमोजा, दुसऱ्यात उजवा. एक उघडला की दुसऱ्यातलं कळतं. मग गुंतलेल्या कणांचं एवढं कौतुक कशाला? असले प्रश्न तत्त्वज्ञांवर सोडा, भौतिकशास्त्रज्ञांनी गणितं करावीत," असं तुम्ही माझ्या लेखावर लिहिलंय. (गुंतलेले कण म्हणजे लांब असूनही ज्यांच्या मापनांची उत्तरं एकमेकांशी निगडित असतात असे कण.)

तुमची एक हरकत रास्त आहे. "एका कणाचं मापन केलं की दुसऱ्यावर तत्क्षणी परिणाम होतो" हे माझं वाक्य ढिलं होतं. या वाटेनं कुठलाच संदेश पाठवता येत नाही. वाक्य दुरुस्त केलंय.

हातमोज्यांचं मात्र पटत नाही. या प्रश्नावर मूलभूत काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांनीच 1981 मध्ये बर्टलमन या सहकाऱ्याच्या वेगवेगळ्या रंगांच्या मोज्यांचं उदाहरण घेतलं, ते हीच समजूत तपासायला. कागद घ्या. दोन खेळाडू लांब बसलेत, बोलणं बंद. नाणं उडवून प्रत्येकाला 'क' किंवा 'ख' प्रश्न येतो, उत्तर हो किंवा नाही. दोघांनाही 'ख' आला तर उत्तरं वेगळी हवीत, एरवी सारखी. आता उत्तरं आधीच ठरवून चिठ्ठ्या लिहा. हेच तुमचे हातमोजे. क-क जुळवा, क-ख जुळवा, ख-क जुळवा. चारही उत्तरं आपोआप एकच होतात आणि ख-ख हातचं जातं. चारात तीन, म्हणजे 75 टक्के. चिठ्ठ्या कशाही लिहा, सरासरी याच्या वर जात नाही.

गुंतलेले कण जवळ असले तर मजल सुमारे 85 टक्क्यांपर्यंत जाते. 2015 मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला 1.3 किलोमीटर अंतरावरच्या दोन हिऱ्यांतल्या इलेक्ट्रॉनांनी हाच खेळ खेळला: 245 डावांत 196 जिंकले. त्याच वर्षी इतर गटांनी याहून भक्कम आकडेवारी मिळवली. (भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड बोम यांच्या सिद्धांतात निकाल आधीच्या स्थितीवरूनच ठरतो हे खरं, पण तिथे दूरच्या कणाचीही दखल घ्यावी लागते. सुटे हातमोजे तिथेही चालत नाहीत.)

राहिला तत्त्वज्ञांचा मुद्दा. बेल सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत नोकरी करत होते, आणि हातमोज्यांनी भागत नाही हे दाखवणारा 1964 चा निबंध त्यांनी रजेवर असताना लिहिला. पुढे 1991 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ आर्टुर एकर्ट यांनी त्याच प्रश्नातून दोघांनी संदेश लपवायची गुप्त किल्ली वाटून घेण्याची रीत काढली. उत्तरं चिठ्ठीवर आधीच लिहिलेली असती, तर चोराकडे तिची नक्कल असू शकली असती. म्हणून किल्ली वाटून घेणाऱ्या दोघांनी काही उत्तरं उघडपणे ताडून पाहायची. 75 ची रेघ पुरेशी ओलांडली असेल, तर संपूर्ण नक्कल कुणाकडेच नाही. ही खात्री हातमोज्यांतून कधीच मिळत नाही.