प्रपोजल मंजूर झालं. आता संस्था कशी चालवणार?

कंपनी कायद्यातलं कलम १३५ एप्रिल २०१४ पासून लागू झालं आणि मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या २ टक्के रक्कम सीएसआरवर, म्हणजे सामाजिक कामांवर, खर्च करणं भाग पडलं. तेव्हापासून संस्थांसाठी ‘निधी मागणारं प्रपोजल कसं लिहावं’ या कार्यशाळांना तोटा नाही. मीही त्या घेतो. बहुतेक ठिकाणी वेळापत्रक ठरलेलं असतं: प्रॉब्लेम स्टेटमेंट, लॉगफ्रेम (उद्दिष्टं, कामं आणि मोजमाप यांचा तक्ता), आउटपुट म्हणजे काय आणि आउटकम म्हणजे काय. बजेट शेवटच्या दिवशी, चहानंतर, लोक एसटीची वेळ बघत असताना उरकायचं.

माझं मत असं की सुरुवातच बजेटने करावी.

समजा, दहा पाड्यांवर अभ्यासिका चालवायच्या आहेत. दहा ताईंना महिना ३,००० मानधन, म्हणजे वर्षाचे ३ लाख ६० हजार. एक पर्यवेक्षक, १८,००० पगार, म्हणजे २ लाख १६ हजार. त्याचं पेट्रोल ३६ हजार, पुस्तकं-साहित्य १ लाख. झाले ७ लाख १२ हजार. संस्था एवढाच आकडा लिहून पाठवते, तो मंजूर होतो, पेढे वाटले जातात.

आता जे लिहिलंच नाही ते बघा. हिशेबनीसाच्या पगारातला या कामाचा वाटा महिना ५,०००. ऑफिसचं भाडं आणि लाइट बिल ४,०००. सगळं जुळवून आणणाऱ्या सचिवाच्या वेळेचे ५,०००. ऑडिटचे १५ हजार. वर्षाला १ लाख ८३ हजार होतात. ते कुठून येणार? सचिव पगार घेत नाही, हिशेबनीस अर्ध्या पगारावर राबतो, भाडं थकतं. असं प्रपोजल मंजूर झालं तरी मी त्याला यशस्वी म्हणणार नाही. अशी तीन मंजूर झाली तर संस्था मोडते.

‘कायद्यात ओव्हरहेड, म्हणजे प्रशासकीय खर्च, ५ टक्केच चालतं ना सर?’ हा प्रश्न दरवेळी येतो. ती मर्यादा आहे, पण कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर. काम करणाऱ्या संस्थेच्या खर्चाला ती लागू नाही, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या ऑगस्ट २०२१ च्या प्रश्नोत्तरांच्या परिपत्रकावरून कळतं. एखादी कंपनी आपल्या धोरणात ५ टक्के लिहीत असेल तर तो तिचा निर्णय झाला, आणि निर्णयावर बोलता येतं. परदेशी निधीचं वेगळं: तिथे एफसीआरए या परदेशी निधीच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली, आणि ती संस्थेलाच लागते. ही दोन कलमं एकमेकांत मिसळून लोकांनी स्वतःचेच हात बांधून घेतलेत. म्हणून भाडं, हिशेबनीस, सचिव हे ‘इतर’ या ओळीत दडवू नका. या प्रकल्पाचा वाटा किती आणि तो कसा काढला, हे उघड लिहा. चांगला फंडर त्यावर प्रश्न विचारतो, नाक मुरडत नाही. नाक मुरडणारेही आहेत. त्यांचं काम परवडतं का, हे मग निदान आधी कळतं.

इंग्रजीचा बाऊ आता पुरे. एआयमुळे सगळ्यांचंच इंग्रजी गुळगुळीत झालंय आणि प्रत्येक प्रपोजलमध्ये तोच ‘सर्वांगीण विकास’ दिसतो. पाड्यावर जाणाऱ्या कार्यकर्तीला मराठीत बोलू द्या, रेकॉर्ड करा, त्यावरून लिहा. किती मुलं येतात, पावसाळ्यात किती गळतात, ऊसतोडीला घर गेलं की काय होतं, हे तिच्याकडेच असतं. सल्लागाराकडे नसतं.

आणि फेब्रुवारीची तयारी ऑक्टोबरात करा. आर्थिक वर्ष संपत आलं की ‘परवापर्यंत पाठवा’ असे फोन येतात, कारण खर्च न झालेल्या रकमेचं काय करायचं याचे नियम कंपन्यांच्या मानगुटीवर असतात. १२ए आणि ८०जी या आयकराच्या नोंदण्या, सीएसआर-१ ही सीएसआर निधी घेण्यासाठीची नोंदणी, तीन वर्षांचे ऑडिट, विश्वस्तांची यादी, सगळं एका फोल्डरमध्ये हवं. सीएसआर-१ नसेल तर पुढचं कोणी वाचतच नाही.

पुढच्या कार्यशाळेला अध्यक्षांऐवजी हिशेबनीसाला पाठवा, ही विनंती. सोबत गेल्या वर्षीचं कॅशबुक आणि भाड्याच्या पावत्या द्या. अध्यक्षांचं भाषण आम्ही उद्घाटनाला ऐकू.