एक चौरस फुटाचा सातबारा

दर्यापूर तालुक्यात माझ्या नावावर चार एकर कोरडवाहू जमीन आहे आणि गेली नऊ वर्षे ती मी मक्त्याने देत आलो आहे. शेती का सोडली असे कोणी विचारले की मी सेवा सहकारी सोसायटीच्या गटसचिवपदाचा व्याप पुढे करतो. पण खरे कारण निराळे आहे. पाणी, माती, ऊन, खत, तण आणि वीज या सहाही गोष्टी एकाच हंगामात एकाच माणसाच्या बाजूने असू शकतात, यावरचा माझा विश्वास उडाला होता. असा मनुष्य वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी पुन्हा शेतीत पडला. तीही किती, तर एक फूट लांब आणि एक फूट रुंद. एका गुंठ्यात १,०८९ चौरस फूट असतात, हे पाहता माझी ही नवी जमीन सातबाऱ्यावर चढवायची झाली तर तलाठ्याला शून्याच्या पुढे किती शून्ये द्यावी लागतील, याचा हिशेब मी एकदा फावल्या वेळात केलाही होता.

फेब्रुवारीअखेर सोसायटीच्या कामासाठी अमरावतीला गेलो असताना एका दुकानाच्या फळीवर बाटल्या मांडलेल्या दिसल्या आणि प्रत्येक बाटलीत एकेक मासा होता. निळाशार, पदर सोडल्यासारखे पर असलेला. दुकानदार त्याला फायटर म्हणाला. पुस्तकी नाव बेट्टा. दोन नर एका पाण्यात ठेवले तर ते एकमेकांच्या जिवावर उठतात, म्हणून हा बाटल्यांचा संसार. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, डोकी फुटलेली भावकी मी आयुष्यभर कर्जखात्यांच्या निमित्ताने पाहत आलो असल्यामुळे मला या स्वभावात परके असे काही वाटले नाही. ‘काही लागत नाही साहेब, बरणीत राहते,’ असे दुकानदाराने सांगितले आणि मी दीडशे रुपये मोजले. ‘काही लागत नाही’ हे वाक्य मी याआधी एका बियाण्याच्या पिशवीबाबतही ऐकले होते, हे मला बसमध्ये बसल्यावर आठवले.

बसमध्ये प्लास्टिकची पिशवी मी मांडीवर धरली होती. वाहकाने ती निरखून पाहिली आणि विचारले, ‘नर हाय का मादी?’ मी नर असल्याचे सांगितले. ‘मादी असती तं अर्ध्या तिकिटात बसली असती,’ असे म्हणून तो पुढे गेला. दर्यापूर येईपर्यंत मागच्या बाकावरच्या मंडळींनी हा मासा तळून खातात की रस्सा करतात यावर चर्चा केली आणि एवढ्यात कोणाचे काय होणार, या मुद्द्यावर ती सोडून दिली.

माशाला लोणच्याच्या जुन्या बरणीत सोडून मी पुण्यात शिकणाऱ्या भाच्याला अभिमानाने फोन केला. त्याने मला तासभर झापले. बेट्टा बरणीत जगतो म्हणजे मरत नाही एवढेच, असे त्याचे म्हणणे. कल्ल्यांखेरीज त्याच्या डोक्यात आणखी एक श्वसनेंद्रिय असते. त्याच्या बळावर तो पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेतो आणि म्हणून कमी प्राणवायूच्या पाण्यातही तग धरतो. त्याचे मूळ थायलंडकडच्या उथळ, संथ, वनस्पतींनी भरलेल्या पाण्यात आणि भाताच्या खाचरांत. तिकडे त्याला ‘पला कट’, म्हणजे चावरा मासा, म्हणतात आणि २०१९ साली थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. एका देशाचा राष्ट्रीय जलचर आमच्याकडे लोणच्याच्या बरणीत होता आणि बरणीला अजून मोहरीचा वास होता. गोंदियाच्या साडूंना हे कळले तेव्हा ते म्हणाले, ‘धानाच्या बांधीतला मासा तुम्ही कापसाच्या पट्ट्यात कायले नेला?’ या प्रश्नाला माझ्याजवळ आजही उत्तर नाही.

आता काचेची टाकी आली. एक घनफुटाची, म्हणजे अठ्ठावीस लिटरची. तीत खाली माती, वर वाळू, मध्ये झाडे आणि मग मासा, असा भाच्याचा आराखडा होता. माती म्हटल्यावर मला बाहेर पाहण्याची गरज वाटली नाही. ज्या काळ्या कसदार मातीची कीर्ती भूगोलाच्या पुस्तकापर्यंत पोचली आहे, ती माझ्या स्वतःच्या शेतात पडून होती. मी पिशवी घेऊन शेतावर गेलो. आमचे मक्तेदार भाऊ तेथे पऱ्हाट्या उपटत होते. नऊ वर्षांत मी प्रथमच मातीला हात लावत होतो, त्यामुळे मी जमीन विकायला काढली असून नमुना नेत आहे, अशी त्यांची समजूत झाली. खुलासा केल्यावर त्यांचा चेहरा अधिकच गंभीर झाला. ‘मंग शेणखत टाका थोडं. नुसत्या मातीत काय होते?’ असे ते म्हणाले आणि आपल्या उकिरड्यावरचे चांगले कुजलेले दोन ओंजळ खत त्यांनी स्वतः बांधून दिले. शेतकऱ्याने मनापासून दिलेले खत नाकारणे आमच्याकडे बरे दिसत नाही.

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते, हे मी उन्हाळ्यातल्या भेगांत पाय घालून शिकलेलो आहे. परंतु तीच माती काचेच्या पलीकडून फुगताना पाहण्याचा प्रसंग वेगळा असतो. मी मातीवर वाळूचा थर दिला, वाळूवर ताटली ठेवली आणि ताटलीवर तांब्याने हळूहळू पाणी सोडले. पहिला तासभर सगळे शांत होते. मग वाळूतून एक बुडबुडा आला. त्याच्यामागे दुसरा आला. नंतर वाळूला एका जागी फोड आल्यासारखे झाले, तो फुटला आणि त्यातून काळा धूर निघावा तशी माती वर चढू लागली. संध्याकाळपर्यंत टाकीत पोळ्याला बैल धुतल्यानंतरच्या डोहासारखे पाणी झाले. आईने दारातूनच नाक पदराने झाकले आणि विचारले, ‘बाबू, हे घरातच ठेवाचं हाय का?’ चार दिवस मी ते निवळण्याची वाट पाहिली. ते निवळले नाही, फक्त त्याचा वास पोक्त झाला. शेवटी सगळा ऐवज परसातल्या लिंबाच्या झाडाला घातला. लिंबू त्या वर्षी फार चांगले आले.

दुसऱ्या खेपेला मी मातीचा नाद सोडला आणि धुतलेली वाळू तेवढी घातली. झाडे भाच्याने कुरियरने पाठवली होती: अनुबियास, जावा फर्न आणि वालिस्नेरिया. सोबत त्याने लिहिले होते की पहिल्या दोन झाडांचा आडवा कंद वाळूत पुरायचा नाही, दोऱ्याने दगडाला बांधायचा. मी चिठ्ठी वाचली आणि कंद पुरला. सात पिढ्या ज्या घराण्याने जे हाती येईल ते जमिनीत पुरले, त्या घराण्यातल्या माणसाने झाड दगडाला बांधावे, ही अपेक्षाच मुळात क्रूर आहे. आठवड्याभरात कंद कुजला. उरलेला तुकडा मी दगडाला बांधला, तेव्हा तो निमूटपणे जगला.

पाण्याची कथा मी थोडक्यात सांगतो, कारण आमच्या भागातल्या वाचकाला ती पाठ आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला आमचा पट्टा खारपाणपट्टा म्हणून प्रसिद्ध आहे. बोअरचे पाणी जनावरही तोंड वाकडे करून पिते. बेट्ट्याला मात्र मऊ, किंचित आम्लधर्मी पाणी आवडते. नळाचे पाणी गोडे असते, पण ते येते तिसऱ्या दिवशी आणि येते तेव्हा ब्लिचिंग पावडरीसकट. ते गुंडात भरून दिवसभर उघडे ठेवले की क्लोरीन उडून जातो. आरोच्या कॅनचे पाणी क्लोरीनमुक्त असते, पण त्यात क्षारच जवळजवळ नसतात. म्हणून एक गुंड नळाचे आणि एक गुंड कॅनचे असे मिश्रण ठरले आणि माशाच्या गुंडाला हात लावायचा नाही, असा हुकूम मी घरात सोडला. गावातली अर्धी माणसे ज्या पाण्यावर जगली ते पाणी दीडशे रुपयांच्या माशाला चालत नाही, हे आईला मी अजून पटवू शकलेलो नाही.

यानंतर जे सुरू झाले त्याला भाचा ‘सायकल’ म्हणतो. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो आणि पाणी जितके अल्कधर्मी तितका अधिक. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, जे बरेच सौम्य असून झाडे ते खत म्हणून उचलतात. ही साखळी बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात आणि शहाणी माणसे तोवर मासा आणत नाहीत. हे वाचून मला एकदम घरी आल्यासारखे वाटले. गावची सोसायटी, तिच्यावर जिल्हा बँक, तिच्यावर राज्य बँक ही आपली त्रिस्तरीय पतरचना मी तीस वर्षे चालवत आलो आहे. एका टेबलावरून प्रकरण हलले नाही की खाली काय साचते आणि कोणाचा जीव घुसमटतो, हे मला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. चाचणीचा संच मागवला, सोसायटीच्या जुन्या किर्दीतली कोरी पाने काढली आणि दररोज सकाळी नळीत पाच मिलिलिटर पाणी घेऊन त्यात थेंब टाकू लागलो. पिवळा रंग म्हणजे अमोनिया नाही; हिरवा म्हणजे थकबाकी. ३१ मार्चला, जेव्हा सगळा गाव कर्जाच्या नव्या-जुन्यासाठी, म्हणजे जुने भरून नवे उचलण्यासाठी, माझ्या टेबलाभोवती उभा होता, तेव्हा माझी नळी झेंड्याच्या खालच्या पट्ट्यासारखी हिरवी होती. मी वसुलीचा तक्ता तसाच सोडून पाव टाकी पाणी बदलायला घरी धावलो. गावात त्या दिवशी अफवा उठली की सेक्रेटरीसायेबांकडे वरून चौकशी आली आहे.

एप्रिलच्या अखेरीस नळी सलग चार दिवस पिवळी राहिली. पाचव्या दिवशी मी सोसायटीतून परतलो तर अंगणातल्या दोरीवर माझ्या बनियनशेजारी चिमटा लावून फिल्टरचा स्पंज वाळत होता. ते सगळे जिवाणू त्या स्पंजातच वस्तीला असतात आणि तो धुवायचाच झाला तर टाकीतून काढलेल्या पाण्यात नुसता पिळायचा असतो. आईने तो कपड्याच्या पावडरीने धुतला होता, शिवाय ब्रश मारला होता. ‘इतका घाण होता बाबू, काळं काळं निघालं त्यातून,’ असे तिने समाधानाने सांगितले. ऐंशी वर्षांच्या माउलीला ते काळे म्हणजे माझी पाच आठवड्यांची मेहनत होती हे सांगण्याचे धाडस मला झाले नाही. मी नवा स्पंज लावून किर्दीत नवे पान उघडले.

आणि मे उजाडला. बाहेर पंचेचाळीस, घरात चाळीस. बेट्ट्याला चोवीस ते अठ्ठावीस अंश लागतात. माझ्या टाकीतला तापमापक चौतिसावर गेला. मासा दर मिनिटाला वर येऊन हवा घेऊ लागला. मी टाकीभोवती ओला बारदाना गुंडाळला आणि कूलरचे तोंड तिच्याकडे वळवले. पाण्यावरून वारा गेला की बाष्पीभवनाने ते तीन-चार अंशांनी उतरते, हा माठाचाच न्याय आहे. सौभाग्यवतींनी दोन रात्री हे सोसले. तिसऱ्या रात्री त्यांनी उठून आपली गादी टाकीच्या मागे आणून टाकली, म्हणजे माशाला लागून आलेली हवा तरी त्यांना मिळावी. दिवे गेले की आम्ही दोघे एकाच पुठ्ठ्याने आळीपाळीने एकमेकांना आणि टाकीला वारा घालत असू. अंधारात टाकीचा दिवा पुन्हा लागला की समोरच्या काचेत माशाला स्वतःचे प्रतिबिंब दिसे. तो कल्ले फुलवून, पर ताठ करून त्याच्याशी धुऱ्याचे भांडण काढी. एवढ्या उकाड्यात भांडायला उत्साह असलेला घरात तो एकटाच होता.

कूलरने आणखी एक उपकार केला. त्याच्या पाण्यात डासांच्या अळ्या झाल्या आणि बेट्ट्याला अळ्यांहून प्रिय खाद्य नाही. मी त्या गाळून एका बादलीत जोपासू लागलो. नेमके कोरड्या दिवसाच्या, म्हणजे डास होऊ नयेत म्हणून पाण्याची भांडी रिकामी करण्याच्या दिवसाच्या, पाहणीसाठी आशाताई आल्या. त्यांनी बादलीत बॅटरी मारली, मग माझ्याकडे पाहिले. ‘सायेब, या अळ्या हायेत.’ मी म्हटले, ‘माहीत आहे, मीच ठेवल्या आहेत.’ सोळा वर्षांच्या नोकरीत हे उत्तर त्यांना कोणी दिले नसावे. मी टाकी दाखवली, मासा अळ्या कसा टिपतो हे प्रात्यक्षिकासह दाखवले. त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘गप्पी मासे आमी फुकट वाटतो, ते बी हेच खातात. तुमी दीडशे रुपये देले?’ मग त्यांनी बादली स्वतःच्या हाताने अंगणात उपडी केली.

शाळेच्या आवारातल्या देशी बदामाची दोन वाळकी पाने मी पाण्यात टाकली, तेव्हा पाणी बिनदुधाच्या चहासारखे झाले. तेही बेट्ट्याला मानवते. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्या तरंगत्या पानाच्या कडेला साबुदाण्याएवढ्या बुडबुड्यांचा फेसाळ पुंजका दिसला. मादी नसतानाही नर असे घरटे बांधतो. पर फाटलेले, अंगावर एक पांढरा ओरखडा, आणि तरी तो एकेक बुडबुडा तोंडात आणून पुंजक्याखाली नेमका चिकटवत होता.

मृगाच्या तोंडावर मक्तेदार भाऊ हिशेबाला आले. पैसे मोजून झाल्यावर ते टाकीपुढे उकिडवे बसले. दगडाला बांधलेल्या अनुबियासला फुटलेले नवे पान त्यांनी काचेवर बोट टेकवून पाहिले, वाळूत पसरलेली वालिस्नेरियाची रोपे मोजली. दहा मिनिटे ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘सेक्रेटरीसायेब, हे मक्त्यानं देता का?’

मी नाही म्हणालो. नऊ वर्षांत जमिनीच्या बाबतीत मी त्यांना प्रथमच नाही म्हणत होतो.

‘मंग पाणी घाला,’ ते उठत म्हणाले. ‘दोन बोटं आटलं हाय.’

आटलेच होते. वाफ होऊन पाणी जाते आणि क्षार तेवढेच मागे राहतात, म्हणून भर नेहमी आरोच्या पाण्याची घालावी लागते. मी कॅन उचलला. तो रिकामा होता. आईने त्याचा चहा केला होता आणि तो आम्ही दोघे नुकताच प्यायलो होतो.