कपाट भरा, खाते रिकामे करा

शेअर बाजारात पैसे घालवायला पुस्तके लागत नाहीत, हा इंदूरच्या मराठी मंडळींतला जुना गैरसमज आता दूर व्हायला हवा. टिप घेऊन, जावयाच्या मित्राचे ऐकून, सराफ्यात रात्री भुट्ट्याचा कीस खाताखाता कानावर पडलेल्या नावावर पैसे लावूनही ते जातात, नाही असे नाही. पण त्यात व्यासंग कुठे आहे? आपण शिकलेली माणसे. आपले पैसे संदर्भासहित स्पष्टीकरणानेच गेले पाहिजेत. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर या भागांत ज्यांच्या हाती नुकतीच ग्रॅच्युइटी पडली आहे त्यांनी पुढचे नीट वाचावे.

पुस्तके खजुरी बाजारात घ्यावीत. मुखपृष्ठावर बैल हवा आणि त्याच्या शिंगांमधून वर जाणारा हिरवा बाण हवा. छपाईचे वर्ष पाहू नये. पुस्तक जितके जुने तितके स्वस्त, आणि भाषा तितकी ठाम. १९९८च्या पुस्तकात ‘बदला’ (सौद्याची पूर्तता पुढे ढकलत नेण्याची जुनी पद्धत) कसा खेळावा याचे अख्खे प्रकरण मिळते. बदला २ जुलै २००१ पासून बंद आहे, पण प्रकरण वाचनीय असते. ट्रान्सफर फॉर्मवरची सही नमुन्याशी कशी जुळवावी हेही त्यात असते. कागदी शेअरचे हस्तांतर १ एप्रिल २०१९ पासून थांबले, म्हणून काय ज्ञान वाया जाते?

जुन्या पुस्तकाचा खरा उपयोग मात्र भावांसाठी करावा. ‘या शेअरला ८०० रुपयांवर भक्कम आधार आहे’ असे वाक्य सापडले की त्याखाली पेन्सिलने रेघ ओढावी आणि आजचा भाव बघावा. आजचा भाव ३०० निघाला तर ‘८००चा माल ३००ला!’ म्हणत तुटून पडावे. मधल्या काळात कंपनीने एकास एक बोनस दिला असेल, दर्शनी मूल्य १० रुपयांवरून २ रुपये केले असेल, म्हणजे जुने ८०० आजचे ८० झाले असतील आणि तुम्ही घेताय तो भाव जुन्या हिशोबाने ३००० असेल, या फंदात पडू नये. चार्ट ‘अ‍ॅडजस्टेड’ आहे, म्हणजे बोनस वगैरे धरून जुने भाव सुधारलेले आहेत, की नाही हे पाहणारी माणसे बाजारात फार दिवस टिकतात. आपल्याला घाई आहे.

एका पुस्तकावर भागवू नये. किमान दोन अशी घ्यावीत की ज्यांचे एकमेकांशी पटत नाही. एक सांगेल, भाव पडला की आणखी घ्या, सरासरी उतरवा. दुसरे सांगेल, नफा दिसला की खिशात टाका. शेअर पडला की पहिले पुस्तक उघडावे, चढला की दुसरे. एवढ्या एका नियमाने पडणारे शेअर तुमच्याकडे वाढत जातात, चढणारे लोकांकडे जातात आणि दोन्ही वेळा तुमच्याकडे छापील आधार असतो.

आता चार्टकडे वळू. पुस्तकातले ‘हेड अँड शोल्डर्स’चे पान काढा. डावा खांदा, मधे उंच डोके, उजवा खांदा, खालून तुटक रेघेची नेकलाइन, आणि ती तुटल्यावर थेट खाली जाणारा भाव. बाजूला बाण: ‘येथे विका’. किती स्पष्ट! या पानावर एक प्रयोग करता येतो, तो कटाक्षाने टाळावा. प्रयोग असा: चित्राचा उजवा भाग पोस्टकार्डाने झाकायचा. कार्ड एकेका कँडलने (ठरावीक वेळेतला भाव दाखवणाऱ्या उभ्या पट्टीने) उजवीकडे सरकवायचे. प्रत्येक थांब्यावर वहीत लिहायचे की घेणार, विकणार की गप्प बसणार. कोणत्या भावाला, आणि चुकलो तर कोणत्या भावाला बाहेर. मगच पुढची कँडल बघायची. पुस्तकातले चार्ट संपले की दुसऱ्या कोणाला तरी यादीतून डोळे मिटून दहा कंपन्या निवडायला सांगायच्या, त्यांच्या जुन्या चार्टवर हेच करायचे, शंभर नोंदी होईपर्यंत. हे केलेत तर लक्षात येईल की उजवा खांदा पूर्ण होईपर्यंत तो खांदा आहे हे कोणालाच कळत नाही. तिथे नवे डोकेही उगवू शकले असते. नेकलाइन तर निकाल लागल्यावर सोयीने ओढलेली असते, कधी कँडलच्या शेपटीवरून, कधी धडावरून. डोके-खांदे सगळे जमून आल्यावरही भाव वर गेला, अशा चार्टला पुस्तकात जागा मिळत नाही. असला संशय एकदा मनात शिरला की पुढची तीनशे पाने नीट वाचून होत नाहीत.

कँडलस्टिकचे श्रेय अठराव्या शतकातल्या होन्मा नावाच्या जपानी तांदूळ व्यापाऱ्याला देतात. चारचौघांत हे नाव एकदा तरी उच्चारावे, वजन पडते. ‘हॅमर’ आणि ‘हँगिंग मॅन’ ही दोन चित्रे आकाराने हुबेहूब सारखी असतात: वर छोटे धड, खाली लांब शेपटी. पडझडीनंतर दिसले तर हातोडा, म्हणजे आता चढणार. चढाईनंतर दिसले तर फासावर लटकलेला माणूस, म्हणजे आता पडणार. पडझड संपली आहे की मधेच आहे हे पुस्तक सांगत नाही, ते तुम्ही ठरवायचे. आणि तेच कळत असते तर हातोड्याची गरज काय होती, हा प्रश्न उद्धटपणाचा आहे.

कँडल मनासारखी नसेल तर वेळ बदलावी. बाजार सव्वानऊ ते साडेतीन चालतो, म्हणजे ३७५ मिनिटे. पंधरा मिनिटांच्या २५ कँडल, पाच मिनिटांच्या ७५. वॉचलिस्टमध्ये ५० शेअर ठेवले की पाच मिनिटांच्या ३,७५० कँडल रोज डोळ्यांखालून जातात. शंभरात एकदा निव्वळ योगायोगाने पडणारी आकृतीही मग दिवसाला सदतीस-अडतीस वेळा दर्शन देते. एवढे संकेत मिळत असताना हात बांधून बसणे हा पुस्तकाचा अपमान आहे.

इंडिकेटर, म्हणजे भावावरून हिशोबाने काढलेले दर्शक, जितके जास्त तितके बरे. आरएसआय, एमएसीडी, बोलिंजर बँड, स्टोकॅस्टिक, चारही लावावेत आणि चारही ‘घ्या’ म्हणाले की चौपट खात्रीने घ्यावे. सगळे एकाच शेअरच्या त्याच त्या भावावरून काढलेले असतात, त्यामुळे हे म्हणजे एकाच साक्षीदाराला चार वेळा पिंजऱ्यात उभे करून चार साक्षी झाल्या म्हणण्यासारखे आहे, असे एखादा उंटावरचा शहाणा म्हणेल. त्याला म्हणू द्यावे.

आरएसआयबद्दल विशेष सूचना. वेल्स वाइल्डरने तो १९७८ साली मांडला, आणि १४ दिवसांचा हिशोब ठेवला. सूत्र शाळेतल्या पोरालाही जमेल असे आहे: चौदा दिवसांतल्या चढांची सरासरी भागिले उतारांची सरासरी, आलेल्या आकड्यात १ मिळवा, त्याने १०० ला भागा आणि तो भागाकार १०० मधून वजा करा. ७० आला की पुस्तके ‘फार चढला, विका’ म्हणतात, पण ७० चा आरएसआय म्हणजे एवढेच, की अलीकडचे चढ उतारांच्या सव्वादोन पटींहून थोडे जास्त होते. जोरात चाललेल्या शेअरचा आरएसआय आठवडेच्या आठवडे सत्तरीच्या वर बसून राहतो, कारण तो जोरात चाललेला असतो. ही माहिती विसरावी. ७० दिसले की विकावे, पुन्हा ७२ ला विकावे, ७८ ला तेच शेअर महागात परत घ्यायला धावावे. सूत्र स्वतः एकदाही वहीत मांडू नये, नाहीतर त्याची भीती जाते आणि भक्तीही.

फिबोनाची या इटालियन गणितीच्या क्रमावर (प्रत्येक आकडा आधीच्या दोघांची बेरीज) आपला हक्क जास्त आहे. तो आकड्यांचा क्रम बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राने मात्रावृत्तांच्या मोजणीसाठी मांडला होता, फिबोनाचीच्या १२०२ च्या ग्रंथाआधी. छंदशास्त्रातला क्रम निफ्टीने का पाळावा असे विचारू नये. २३.६, ३८.२, ५०, ६१.८, ७८.६ या टक्क्यांच्या पाच रेघा जुन्या तळ-शिखराच्या मधे ओढाव्यात (यातला ५० त्या क्रमातून निघतच नाही, पण बिचाऱ्याला एकटे कशाला पाडा). प्रत्येक रेघेच्या आजूबाजूला तीन-तीन टक्क्यांची सूट द्यावी. पाच रेघा, सहा टक्के रुंद पट्टा: झाली की नाही तीस टक्के जमीन आपल्या नावावर? आता भाव कुठेही थांबो, दहात तीनदा तो ‘फिबोला मान देऊन’ थांबलेला असणारच. गॅन नावाच्या जुन्या अमेरिकी ट्रेडरची ४५ अंशांची रेघ मोबाइलवर ओढावी. दोन बोटांनी चार्ट ताणला की कोन हवा तसा होतो. भाव ठरावीक लाटांत चालतो म्हणणाऱ्या एलियटच्या लाटा मोजताना एवढेच ध्यानात ठेवावे की लाट कधी चुकत नाही, मोजणी चुकते, आणि पर्यायी मोजणी नेहमी तयार असते.

कंपनीचा अभ्यास शिकवणाऱ्या पुस्तकांचे काम सोपे आहे. त्यांतली ‘तेव्हा दहा हजार टाकले असते तर’ वाली उदाहरणे तोंडपाठ करावीत. डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीच्या भागधारकांच्या हाती २०२१ मध्ये शून्य रुपये आले, हे उदाहरण तसल्या तक्त्यात शोधू नये. ताळेबंदात रोख रक्कम लिहिलेली दिसली की ती बँकेत आहेच असे धरावे. ताळेबंदातली रोख खोटी आहे, असे ७ जानेवारी २००९ ला ‘सत्यम’ कंपनीच्या अध्यक्षाने सांगितले, ते जुने झाले.

आता सर्वांत महत्त्वाचे: कोणती पाने वाचू नयेत. जवळपास प्रत्येक बऱ्या पुस्तकात मागच्या बाजूला, चित्रे नसलेले एक कंटाळवाणे प्रकरण असते. मथळा ‘भांडवलाचे व्यवस्थापन’ किंवा तत्सम. त्यात असे काही लिहिलेले असते: भांडवल २ लाख. एका सौद्यात जास्तीत जास्त एक टक्का, म्हणजे २,००० रुपये गमवायची तयारी. शेअर ४८०ला घ्यायचा, ४६४ला चूक मान्य करायची, म्हणजे शेअरमागे १६ रुपयांचा धोका. २,००० भागिले १६, म्हणजे १२५ शेअर. गुंतवणूक ६०,००० रुपये. बस.

या हिशोबाने लागोपाठ दहा वेळा चुकूनही सुमारे एक लाख ऐंशी हजार शिल्लक राहतात. म्हणजे सगळी मेहनत पाण्यात! त्याऐवजी पूर्ण दोन लाखांचे ४१६ शेअर घ्यावेत आणि स्टॉपलॉस (तोटा अडवणारी विक्रीची ऑर्डर) ‘मनात’ ठेवावा. खाते निम्मे झाले तर मूळ पदावर यायला शंभर टक्के वाढ लागते, हे गणित रात्री झोपताना करू नये. स्टॉपलॉस टाकलाच तर लिमिटवाला टाकावा: ट्रिगर ४६४, लिमिट ४६३. सकाळी वाईट बातमी येऊन शेअर ४४०ला उघडला की ऑर्डर जागी होते, ४६३ला गिऱ्हाईक शोधते आणि तशीच लटकत राहते. स्टॉपलॉस लावल्याचे समाधानही मिळते आणि तोटाही अडत नाही.

त्याच प्रकरणाला लागून खर्चाचा तक्ता असतो. तोही सोडून द्यावा. समजा इंट्राडेमध्ये, म्हणजे एकाच दिवसात, ५०,००० रुपयांचे शेअर घेतले आणि साधारण त्याच भावाला विकले. दोन ऑर्डरचे २० प्रमाणे ४० रुपये ब्रोकरेज (काही ब्रोकर कमी घेतात, त्यांच्याकडे जाऊ नये), विक्रीवर ०.०२५ टक्के एसटीटी (सौद्यावरचा कर) म्हणजे साडेबारा रुपये, खरेदीवर दीड रुपया स्टँप ड्युटी, एक्स्चेंजचे तीनेक रुपये, वर १८ टक्के जीएसटी. एकूण ६५च्या आसपास. पासष्ट रुपये म्हणजे काय, दोघांचे पोहे-जिलेबी! असे रोज पाच सौदे, महिन्यात वीस दिवस, म्हणजे शंभर सौदे आणि साडेसहा हजार रुपये. पन्नास हजारांवर महिन्याला तेरा टक्के आधी कमवायचे, मग नफा-तोट्याची गोष्ट. कोणते इंडिकेटर महिन्याला तेरा टक्के देते, हे शोधायला अर्थातच आणखी पुस्तके लागतील.

फ्युचर्स-ऑप्शन्सकडे, म्हणजे पुढच्या तारखेच्या भावावरच्या सौद्यांकडे, यथावकाश वळालच. लॉगिन करताना ब्रोकरच्या पडद्यावर एक चौकट येते, ती दिसताच मिटवावी. तिथे लिहिलेले असते की दहापैकी नऊ व्यक्तिगत ट्रेडर तोट्यात जातात. बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या सप्टेंबर २०२४च्या अहवालात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांसाठी हे प्रमाण ९३ टक्के निघाले. पण त्या नऊ जणांनी पुस्तक थोडेच वाचले होते? तुम्ही दहावे. बाकीचे नऊही स्वतःला दहावेच समजत असतात, हा त्यांचा अडाणीपणा.

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर क्यूआर कोड असेल. तो स्कॅन केला की ९९ रुपयांचा वेबिनार, वेबिनारमध्ये हजारोंचा कोर्स, कोर्समध्ये ‘प्रीमियम’ ग्रुप, अशी शिडी लागते. इंदूरला सट्ट्याची परंपरा मोठी आहे. या गावात सर सेठ हुकूमचंदांनी अफू-कापसाच्या सट्ट्यात नाव काढले. काच मंदिर उभे केले, कोर्स विकल्याचे ऐकिवात नाही. आता धंदा पुढे गेला आहे. सल्ला देणाऱ्याचा सेबी नोंदणी क्रमांक विचारू नये. गुंतवणूक सल्लागाराचा ‘आयएनए’ने आणि रिसर्च अ‍ॅनालिस्टचा ‘आयएनएच’ने सुरू होतो, आणि सेबीच्या संकेतस्थळावर तो दोन मिनिटांत पडताळता येतो. समोरचा माणूस इंदुरी थाटात ‘भिया’ (भाऊ) म्हणून खांद्यावर हात ठेवत असताना असली चौकशी करणे बरे दिसत नाही.

सगळे यथासांग पार पडले की तोटा वाया जाऊ देऊ नका. फ्युचर्स-ऑप्शन्सचा तोटा धंद्याचा तोटा म्हणून पुढची आठ वर्षे ओढता येतो. इंट्राडेचा सट्ट्याचा तोटा चारच वर्षे, आणि तोही सट्ट्याच्याच नफ्यातून वळता होतो, म्हणजे पुन्हा खेळायला कारण तयार. मात्र विवरणपत्र मुदतीत भरायला हवे. सीएकडे जाताना ब्रोकरचा टॅक्स पी अँड एल (नफा-तोट्याचा तक्ता) न्या, कॉन्ट्रॅक्ट नोट्स (सौद्यांच्या नोंदी) न्या, पुस्तकांच्या पावत्याही न्या. त्या खर्चात धरता येतील का ते तो सांगेल. त्याच्यापुढे उजव्या खांद्याचा विषय काढू नका. जुलै महिन्यात त्याला जेवायलाही फुरसत नसते.