कांजिण्या आल्यात ना, मग पोराला अंघोळ घाला

होळीच्या आसपास दरवर्षी हेच सुरू होतं. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी आई लिहिते "आमच्याकडे देवी आल्यात, आठवडाभर शाळेत येणार नाही" आणि खाली लगेच सल्ले, अंघोळ घालू नको, फोडणी देऊ नको, डॉक्टरकडे नेलं तर कोप होतो, दाराला कडुलिंब बांध. यंदा आमच्या धाकट्याला आल्या तेव्हा शेजारपाजाऱ्यांकडून हे सगळं ऐकलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय.

मला कोणाच्या श्रद्धेला नावं ठेवायची नाहीत. आपल्या आज्या-पणज्यांनी बघितलेली देवी म्हणजे स्मॉलपॉक्स, फार भयंकर रोग होता तो. घरातली पोरं जायची, डोळे जायचे, वाचलेल्यांच्या तोंडावर आयुष्यभर व्रण. उपचार काहीच नव्हता तेव्हा शीतलादेवीला साकडं घालण्यापलीकडे त्या बायका करणार तरी काय होत्या? पण भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सगळं जगच देवीमुक्त झाल्याचं जाहीर केलं. रोग गेला आणि त्याचे नियम मात्र कांजिण्यांना येऊन चिकटले, ज्यांचा विषाणूच पूर्ण वेगळा आहे. शीतलादेवीला नमस्कार करा, नैवेद्य दाखवा, त्याने काही बिघडत नाही, पोराची अंघोळ बंद केल्याने बिघडतं.

का ते सांगते. कांजिण्यांमध्ये मुलाला सगळ्यात जास्त छळते ती खाज. आधी पोटापाठीवर, तोंडावर लाल ठिपके, मग त्यात पाणी भरतं, मग खपली, आणि हे एकदम होत नाही, टप्प्याटप्प्याने नवीन येतच राहतात, त्यामुळे एकाच वेळी ठिपका, फोड आणि खपली तिन्ही अंगावर दिसतात. आता मार्च-एप्रिलच्या उकाड्यात घामाने चिकचिकलेलं, आठवडाभर न धुतलेलं पोर नखांनी ते फोड खाजवणार, नखातले जंतू आत जाणार आणि फोड पिकणार. कांजिण्यांचे डाग राहतात ते बहुतेक अशा खाजवून पिकलेल्या फोडांचे. म्हणून रोज कोमट पाण्याने अंघोळ, साबण अगदी सौम्य, घासायचं नाही, नंतर मऊ पंचाने नुसतं टिपून घ्यायचं. नखं पहिल्याच दिवशी बारीक कापायची, अगदी लहान बाळ असेल तर रात्री हातात सुती मोजे घालायचे. कपडे सैल, सुती. फोडांवर कॅलामाइन लोशन, फक्त डोळ्यांत-तोंडात नको. खाजेने झोपच लागत नसेल तर डॉक्टर त्यासाठी सिरप देतात, ते मागून घ्या.

कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवलात तरी हरकत नाही, पण कडुलिंबाचं तेल चुकूनही पाजू नका, लहान मुलांना त्याने गंभीर विषबाधा होते.

खाण्याच्या बाबतीत आमच्या सासूबाईंनी जे केलं ते मला पूर्ण पटलं. तोंडात पण फोड येतात, तिखट झोंबतं, म्हणून मऊ भात, दही, गार केलेली खीर आणि दिवसभर थोडं थोडं पाणी. पण वरण बंद, अंडं बंद, मीठ बंद, हे कशासाठी? आजारी पोराला ताकद लागते.

आता औषधं, आणि हा भाग प्लीज नीट वाचा. ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल, तेही मुलाच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात. ॲस्पिरिन अजिबात नाही, कांजिण्यांमध्ये मुलांना ॲस्पिरिन दिलं तर रेज सिंड्रोम नावाचा प्रकार होऊ शकतो, त्यात मेंदू आणि लिव्हरला इजा होते, जिवावर बेततं. आयब्युप्रोफेन पण टाळायचं, त्याचा संबंध कातडीखालच्या गंभीर इन्फेक्शनशी आढळलाय. आपल्याकडे घराघरात तापाचं जे मिक्स सिरप असतं त्यात पॅरासिटामॉलबरोबर बऱ्याचदा आयब्युप्रोफेन असतं, म्हणून बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा.

"आधी देवीचं करू, मग बघू डॉक्टरचं" याने खरं नुकसान होतं कारण असायक्लोव्हिर नावाचं औषध पुरळ उठल्यापासून २४ तासांत सुरू केलं तर खरा उपयोग. प्रत्येक मुलाला ते लागत नाही, पण १२ वर्षांपुढची मुलं, मोठी माणसं, दम्याची किंवा त्वचेच्या जुनाट आजाराची मुलं, स्टेरॉइड चालू असलेली मुलं, यांच्यासाठी त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. घरातल्या दुसऱ्या भावंडाला होतात तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त उठतात बरेचदा, तिथेही विचारून घ्या. आणि मूल सुस्त पडलं, चालताना तोल जायला लागला, मान आखडली, धाप लागली, उलट्या थांबेनात, ताप चार दिवसांपुढे गेला किंवा फोडाभोवती लाल गरम सूज आली तर रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल.

अजून एक, लपवू नका हो. पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून ते सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत लागण होते, आणि लागण झाल्यापासून पुरळ उठायला १० ते २१ दिवस लागतात. म्हणजे तुमचं पोर परवा ज्यांच्या घरी खेळायला गेलं होतं त्यांना फोन करायलाच हवा. तिथे कोणी गरोदर असेल आणि तिला लहानपणी कांजिण्या आल्या नसतील, लसही नसेल, तर तिला ताबडतोब कळलं पाहिजे, कारण तिच्यासाठी वेगळं इंजेक्शन असतं आणि ते वेळेत द्यावं लागतं. आईला बाळंतपणाच्या पाच दिवस आधी ते दोन दिवस नंतर या काळात कांजिण्या उठल्या तर नवजात बाळाच्या जिवाला धोका असतो. "लोक काय म्हणतील" म्हणून गप्प बसायची ही गोष्ट नाही.

लस आहे यावर. मिचिआकी ताकाहाशी या जपानी डॉक्टरने १९७४ मध्ये केली, त्यांच्या स्वतःच्या तीन वर्षांच्या मुलाला कांजिण्यांनी बेजार केलेलं बघितलं होतं त्यांनी. आपल्या सरकारी मोफत लसीकरणात ती नाही, खाजगीत पैसे देऊन घ्यावी लागते, आणि ज्याला परवडत नाही त्याचं पोर तसंच राहतं याचा मला फार राग येतो, ती मोफत यादीत यायलाच हवी. पहिला डोस साधारण १५ महिन्यांना, दुसरा त्यानंतर किमान तीन महिन्यांनी. बऱ्याच जणांचा दुसरा राहून जातो. आज फाईल काढून बघा, आणि घरातल्या एका पोराला आत्ता उठल्या असतील, दुसऱ्याची लस झालेली नसेल, तर उद्या सकाळीच डॉक्टरांना फोन करा, संपर्क आल्यापासून तीन ते पाच दिवसांत दिली तरी तिचा फायदा होतो.